कोल्टवरचे कोरीव काम : मालकाचे नाव, कारागिराचा हात

एखादे जुने रिव्हॉल्व्हर लिलावात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते कोणाचे होते? ते कोणी कोरले, हे फारसे कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरवरील नक्षीकामाचा मी काही वर्षे माग घेतो आहे, तो या दुसऱ्या प्रश्नासाठीच.

सुरुवात सॅम्युएल कोल्टपासून करावी लागते. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी त्याचा कारखाना होता आणि तिथे दोन तऱ्हेचे कोरीव काम होत असे. पहिले यंत्राचे. १८५१ च्या 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर एक आरमारी लढाई दिसते. टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी दिलेली ही झुंज, १६ मे १८४३ ची. ती तारीखही तिथेच उमटवलेली असते. हे चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या न्यूयॉर्कच्या कोरकाराचे. बँकनोटांचे ठसे कोरणे हा त्याचा मूळ धंदा. त्याने पोलादी रुळावर एकदा चित्र कोरले आणि तो रूळ दाबाने फिरवून हजारो सिलिंडरांवर उमटवला गेला. चित्राखाली ऑर्म्सबीचे नावही आहे.

दुसरे काम हाताचे. ते मोजक्याच रिव्हॉल्व्हरांवर होई, त्याला वेगळा दाम पडे, आणि करणाऱ्याचे नाव मात्र त्यावर बहुधा नसे. यंत्राने छापलेल्या चित्राला सही आणि हाताने कोरलेल्या वेलीला नाही, ही उलटी तऱ्हा आहे खरी.

या निनावी हातांतला पहिला मोठा हात गुस्ताव्ह यंगचा. प्रशियात जन्मलेला हा कारागीर १८४६ च्या सुमारास अमेरिकेत आला आणि पुढे कोल्टसाठी काम करू लागला. कोल्टला नक्षीचा राजकीय उपयोग नेमका कळला होता. १८५४ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध चालू असताना त्याने झार पहिल्या निकोलसची भेट घेऊन सोन्याने मढवलेली रिव्हॉल्व्हर नजर केली. तशीच भेट तुर्की सुलतानालाही पोचली होती. झारच्या मोठ्या 'ड्रॅगून' रिव्हॉल्व्हरचा जोडीदार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यावर सोन्यात जॉर्ज वॉशिंग्टनची मुद्रा आहे. या कामाचे श्रेय अभ्यासक यंगला देतात, ते शैलीवरून.

आपल्याकडच्या जुन्या तलवारी पाहिलेल्यांना हे सोनेकाम परके वाटणार नाही. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक ओरखडे काढून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. तहनिशानमध्ये खोल चर कोरून त्यात सोने भरतात. यंगचे काम दुसऱ्या जातीचे.

दुसरा हात लुईस निम्श्केचा. हाही जर्मनीहून आलेला. न्यूयॉर्कमध्ये तो शस्त्रविक्रेत्यांसाठी काम करी. कारखान्यातून साधे निघालेले रिव्हॉल्व्हर विक्रेता त्याच्याकडे पाठवी आणि तो ते कोरून देई. थिओडोर रूझवेल्टचे हस्तिदंती मुठीचे कोल्ट त्यानेच कोरले. पण निम्श्केचे खरे उपकार वेगळे आहेत. काम पुरे झाले की तो कोरलेल्या रेघांत शाई भरून कागदावर ठसा घेई आणि वहीत चिकटवून ठेवी. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्यांना या कृतीचे मोल सांगायला नको. ती वही टिकली आणि १९६५ मध्ये छापली गेली. म्हणून आज एखादी वेल, एखादे पान, एखादे आद्याक्षर त्या ठशांशी ताडून पाहता येते.

तिसरा कूनो हेल्फ्रिक्ट. १८७१ ते १९२१ अशी पन्नास वर्षे कोल्टच्या कोरीव कामाची धुरा त्याने वाहिली. जॉर्ज पॅटन या तरुण अधिकाऱ्याने १९१६ मध्ये टेक्सासच्या एल पासो गावी घेतलेले चांदीच्या मुलाम्याचे रिव्हॉल्व्हर त्याच्या काळातले. हस्तिदंती मुठीवर पॅटनची आद्याक्षरे आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिकोतल्या एका वाड्यापाशी चकमक झाली, तीत पॅटन होता. नंतर त्याने मुठीवर दोन खाचा पाडल्या. मला त्या शस्त्रावर दोन लेख दिसतात. एक कारागिराचा, सुबक आणि निनावी. दुसरा मालकाचा, ओबडधोबड, पण चकमकीनंतर लगेचचा. आज कोणी जाणकाराने त्या खाचा भरून मूठ गुळगुळीत केली, तर शस्त्र अधिक देखणे होईल आणि त्याचा इतिहास पुसला जाईल.

खरा पेच इथेच आहे. आजही संग्राहक जुनी साधी रिव्हॉल्व्हर कोरून घेतात. तयार शस्त्र कोरायचे तर ते आधी संपूर्ण सोडवावे लागते. वरची निळी झाक घासून काढायची. चौकटीचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो. तो तापवून मऊ केल्याशिवाय कोरणी चालत नाही. मग नक्षी आखायची, छोट्या हातोडीने छिन्नी सरकवत रेघा काढायच्या, मधली जागा ठिपक्यांनी भरायची, पुन्हा पोलाद कडक करायचे आणि नवी झाक चढवायची. यातल्या पायरीगणिक काहीतरी जुने जाते : मूळ झाक, धारदार कडा, कारखान्याचे शिक्के. जे उरते ते सुंदर असेल, पण १८८० सालची साक्ष ते पूर्वीसारखी देत नाही.

त्यातून नव्या नक्षीला जुनी म्हणून खपवण्याचा मोह होतो. आपल्या ताम्रपटांच्या अभ्यासकांना बनावट दानपत्रे ठाऊक आहेत. तोच रोग इथे आहे. उपायही तोच : अक्षराचे वळण पाहा आणि दप्तर तपासा. कोल्टच्या मालरवानगीच्या वह्यांत अनुक्रमांकावरून शस्त्र केव्हा, कोणाला आणि कसे पाठवले हे शोधता येते, आणि कंपनी तसे पत्रही देते. मात्र निम्श्केसारख्या बाहेरच्या कोरकाराची नोंद त्या वहीत मिळेलच असे नाही. तिथे त्याच्या ठशांचाच आधार.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नक्षी करू नये असे नाही; यंग किंवा निम्श्केच्या काळात तीही नवीच होती. कोरायचेच असेल तर नव्याने घडवलेले शस्त्र निवडावे आणि जुन्या साध्या शस्त्राला त्याच्या साधेपणात राहू द्यावे. कारागिराने आपले नाव आणि साल मुठीच्या आत का होईना, कोरावे, आणि कागदावर एक ठसा घेऊन ठेवावा. मालकाचे नाव लोक आपोआप जपतात. कारागिराचे नाव जपायला कागद लागतो, हे निम्श्केला कळले होते.