सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांची विज्ञान प्रदर्शने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विज्ञान प्रदर्शन हा महाराष्ट्रातील शालेय वर्षाचा एक रूढ भाग झाला आहे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांत त्याची तयारी सुरू होते. पुठ्ठ्याच्या प्रतिकृती, तक्ते, टेबलामागे उभे राहून माहिती सांगणारे विद्यार्थी आणि हातात गुणपत्रक घेतलेले परीक्षक हे दृश्य शिक्षणक्षेत्रातील सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि शैक्षणिक इतिहासलेखनात संस्था, संस्थापक व कायदे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे अशा उपक्रमांना मिळालेले नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा एकत्रित विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले. विलीन झालेल्या सांगली संस्थानाचा भाग समाविष्ट असलेला दक्षिण सातारा १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे त्यापूर्वीचा ग्रामीण शिक्षणाचा वारसा दोन्ही जिल्ह्यांना बराचसा समान आहे. या वारशाच्या संदर्भात प्राथमिक शाळेतील मूल विज्ञान प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी राहिले काय, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. या परिसरातील प्रात्यक्षिकाधारित शिक्षणाच्या पूर्वपरंपरेचा मागोवा घेणे.
२. १९७१ नंतरच्या शासकीय विज्ञान प्रदर्शनाच्या रचनेचा अभ्यास करणे.
३. त्या रचनेतील प्राथमिक विद्यार्थ्याच्या स्थानाची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. ‘प्राथमिक’ ही संज्ञा पहिली ते आठवी या अर्थाने वापरली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नेही प्रारंभिक शिक्षणाची हीच मर्यादा मानली आहे.

प्रात्यक्षिकाची पूर्वपरंपरा

विसाव्या शतकाच्या आरंभी या परिसरात यंत्रविद्येचा परिचय पाठ्यपुस्तकापेक्षा कारखान्यांनी अधिक करून दिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. कराडनजीक ओगलेवाडी येथे ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला व तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज प्रारंभी शेतकऱ्यांत होता. असा समज केवळ उपदेशाने दूर होणारा नव्हता. शेतात नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवणे हाच त्यावरचा उपाय होता.

येथे एक बाब विशेष लक्षणीय ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शैक्षणिक कार्यास पूर्णतः वाहून घेण्यापूर्वी ओगले व किर्लोस्कर या दोन्ही कारखान्यांच्या मालाचे विक्रेते म्हणून काम केले होते. या फिरतीत त्यांना ग्रामीण समाजाचे अज्ञान व दारिद्र्य जवळून पाहावयास मिळाले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आणले. वसतिगृहातील मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, बांधकामास हातभार लावावा व त्यातून शिकावे, ही त्यांची शिक्षणपद्धती होती. १९३७ मध्ये वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या विचाराशी ती मिळतीजुळती होती. पुढे संस्थेने खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालवल्या.

या परंपरेत ‘विज्ञान प्रदर्शन’ हा शब्द आढळत नसला, तरी त्याचे मूलतत्त्व आढळते. ज्ञान हाताने पडताळावे आणि चारचौघांसमोर सिद्ध करून दाखवावे, हे ते तत्त्व होय. मात्र येथे दाखवण्याचा हेतू पटवून देणे हा होता. क्रमांक मिळवणे हा नव्हता.

स्पर्धात्मक प्रदर्शनाचा उदय

पाश्चात्त्य देशांतही शालेय विज्ञान मेळावा कृषी व औद्योगिक प्रदर्शनांच्या परंपरेतूनच विकसित झाला. न्यूयॉर्कमध्ये उद्योग व शेतीची प्रदर्शने भरवणाऱ्या अमेरिकन इन्स्टिट्यूटने १९२८ मध्ये मुलांसाठी मेळावा भरवला. १९५० मध्ये फिलाडेल्फिया येथे राष्ट्रीय स्तरावरील विज्ञान मेळावा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांची पुढील पिढी शोधणे हे अशा मेळाव्यांचे एक उद्दिष्ट बनले.

भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) विज्ञान व गणित हे शालेय शिक्षणाचे अनिवार्य भाग असावेत अशी शिफारस केली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा स्वीकार केला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७१ पासून मुलांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन सुरू केले. १९८८ पासून त्यास जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले, तर अलीकडे ते ‘राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी’ या नावाने भरते. त्याचे ५० वे अधिवेशन डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात झाले.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्या अखत्यारीत आले. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य व राष्ट्र अशी प्रदर्शनाची उतरंड या प्रशासकीय चौकटीत बसवण्यात आली. राज्यस्तरावर नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेने, तर तालुका व जिल्हा स्तरावर शिक्षण विभाग, विज्ञान अध्यापक संघ व यजमान शाळा यांनी आयोजनाचा भार वाहिला. विद्यार्थ्यांच्या प्राथमिक व माध्यमिक गटांखेरीज शिक्षकांचे शैक्षणिक साहित्य, लोकसंख्या शिक्षण व प्रयोगशाळा परिचर असेही गट ठेवण्यात आले. परिचरासही स्वतःचे उपकरण मांडता यावे ही तरतूद या योजनेच्या उदारतेची साक्ष देते.

प्राथमिक गटाची मर्यादा

या रचनेचे लाभ निर्विवाद आहेत. जत, आटपाडी, माण वा पाटणसारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यास आपल्या शाळेबाहेरचे प्रयोग पाहण्याची संधी तालुकास्तरीय प्रदर्शनाने दिली. अनोळखी प्रौढांसमोर बोलण्याचे धैर्यही अनेकांना प्रथम तेथेच लाभले असावे.

तथापि तीन मर्यादा स्पष्ट दिसतात. पहिली, विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींचा ‘प्राथमिक’ गट प्रामुख्याने सहावी ते आठवीचा आहे. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य वस्ती व वाडी शाळा मात्र चौथी-पाचवीपर्यंतच्या, बहुधा द्विशिक्षकी असतात. ज्या वयात ‘हे असे का?’ हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, त्या वयातील मूल या उतरंडीच्या पहिल्या पायरीच्याही खाली राहते. दुसरी, प्रत्येक टप्प्यावर मोजक्याच प्रतिकृती पुढे जातात, त्यामुळे सहभागापेक्षा निवड महत्त्वाची ठरते. तिसरी, कल्पकता, नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी, उपयुक्तता, अल्पखर्च व सादरीकरण या निकषांपैकी कारागिरी व सादरीकरण हे परीक्षकास काही मिनिटांत दिसतात. वैज्ञानिक विचार तेवढ्या वेळात दिसत नाही. परिणामी पालक वा शिक्षकांनी बनवलेली सुबक प्रतिकृती आणि मुलाने पाठ केलेले निवेदन यांस अनुकूल परिस्थिती निर्माण होते. २०१६ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’ योजनेने निवडलेल्या विद्यार्थ्यास दहा हजार रुपये देऊन त्याच्या मूळ कल्पनेस महत्त्व दिले. परंतु तिचाही आरंभ सहावीपासूनच होतो.

परिसरातील प्रश्नांचे स्थान

राष्ट्रीय प्रदर्शनाचा मुख्य विषय व उपविषय दरवर्षी केंद्रीय पातळीवर ठरतात. स्थानिक प्रश्न त्यांत बसवता येतात, पण प्रश्नाचा उगम मुलाच्या अनुभवात असेलच असे नाही. वास्तविक हा परिसर प्रश्नांनी समृद्ध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने जलाशय व भूकंप यांच्या संबंधाची चर्चा जगभर घडवून आणली. पाटण तालुक्यातील मुलासाठी मात्र तो घरातील आठवणींचा विषय आहे. खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतील शेतकऱ्यांनी येरळा नदीतील वाळूच्या विक्रीतून निधी उभारण्याचा मार्ग काढला व अभियंता के. आर. दाते यांच्या साहाय्याने बळीराजा धरण उभे केले. बलवडी व तांदुळवाडी या गावांत पाण्याच्या समान वाटपाचा विचार त्यातून पुढे आला. वाळू उपसल्यावर नदीचे व विहिरींचे काय होते, हा तेथील चौथीच्या मुलालाही कळणारा प्रश्न आहे.

विज्ञान आणि वैज्ञानिक दृष्टिकोन यांतील फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तथाकथित चमत्कारांची प्रात्यक्षिके करून त्यांमागील कार्यकारणभाव उलगडून दाखवला. या प्रात्यक्षिकात कारागिरीला गौण स्थान होते. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न निर्माण होणे हेच त्याचे यश होते. २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. प्रश्न विचारण्याची सवय समाजात किती दुर्मिळ व किती मोलाची आहे, याची जाणीव त्या घटनेने करून दिली. ही सवय शाळेत, तीही प्राथमिक स्तरावर लागणे आवश्यक ठरते.

प्राथमिक स्तरावर असे शिक्षण अशक्य नाही. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचे जे प्रयोग केले, ते पाहण्यास राज्यभरातील शिक्षक आले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात त्यांची विशेष चर्चा झाली. बिया, खडे, काड्या अशा साध्या वस्तू हाताळत मूल स्वतः निष्कर्षापर्यंत पोहोचू शकते, हे त्यांनी दाखवले.

निष्कर्ष

१. सातारा-सांगली परिसरात श्रमाधिष्ठित व प्रात्यक्षिकाधारित शिक्षणाची परंपरा शासकीय विज्ञान प्रदर्शनापूर्वीची आहे.

२. १९७१ नंतरच्या रचनेने प्रदर्शन सर्वदूर पोहोचवले. मात्र ‘पटवण्यासाठी दाखवणे’ या हेतूची जागा हळूहळू ‘निवडीसाठी दाखवणे’ या हेतूने घेतली.

३. पहिली ते पाचवीचे मूल या रचनेच्या बहुतांशी बाहेर राहिले. त्यांच्यासाठी केंद्रस्तरावर क्रमांकविरहित मेळावा भरवणे, त्यात प्रतिकृतीऐवजी मुलाने स्वतः केलेले निरीक्षण व त्याची वही मांडणे आणि परीक्षकाऐवजी गावकऱ्यांनी प्रश्न विचारणे, हा पर्याय विद्यमान केंद्रशाळांच्या चौकटीत अल्प खर्चात शक्य आहे.

४. प्रदर्शनाच्या यशाचे मोजमाप राज्यस्तरावर पोहोचलेल्या प्रतिकृतींच्या संख्येने होते. प्रदर्शन संपल्यानंतर किती मुलांनी नवा प्रश्न विचारला, ही कसोटी मोजण्यास अवघड असली, तरी कर्मवीरांच्या परंपरेशी तीच अधिक सुसंगत आहे.