ओस्तान्किनोचा मनोरा व त्याचा पाया

नभोवाणीच्या मनोऱ्याची उंची दुरूनहि दिसते. पण त्याचा पाया व काँक्रीटच्या पोटांतील पोलाद कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. या न दिसणाऱ्या भागाचें महत्त्व मॉस्को शहरांतील ओस्तान्किनो येथील मनोऱ्याच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

नभोवाणी व दूरचित्रवाणी यांसाठीं बांधलेला हा मनोरा ५४० मीटर उंच आहे. निकोलाय निकितिन या स्थापत्यविशारदानें त्याची योजना केली. तो १९६७ सालीं पुरा झाला, तेव्हां तारांच्या आधारावांचून उभी असलेली याहून उंच वास्तु जगांत नव्हती. १९७५ सालीं टोरांटोच्या मनोऱ्यानें हा मान घेतला.

१९६० सालीं पायाचें काम सुरू झालें आणि लौकरच थांबलें. आराखड्यांत पायाची खोली पांच मीटरांहूनहि कमी होती! एवढ्या उंच वास्तूला एवढा उथळ पाया कसा पुरेल, अशी शंका तज्ज्ञांनाहि आली. परंतु निकितिननें मनोरा खुंट्याप्रमाणें रोवला नव्हता. समईप्रमाणें बसविला होता. समई जमिनींत पुरावी लागत नाहीं. रुंद व जड बैठक तिचा तोल राखते. येथेंहि पाया रुंद कंकणाकृति असून, पायासह ५०,००० टनांहून अधिक असलेल्या वजनाचा मोठा भाग तळाकडे ठेवला आहे. १९६३ सालीं काम पुन्हां सुरू झालें.

आतां पोलादाविषयीं. काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. वारा रेटूं लागला म्हणजे मनोऱ्याची वाऱ्याकडील बाजू ताणली जाते व तेथें भेग पडूं पाहते. तो ताण घेण्यासाठीं आंत सळया घालतात. निकितिननें त्याखेरीज भिंतीच्या आंतल्या अंगानें सुमारें १५० पोलादी दोर ताणून बसविले व काँक्रीट सदैव दाबाखालीं ठेवलें.

२७ ऑगस्ट २००० रोजीं मनोऱ्यास उंचावर भीषण आग लागली. तींत तीन माणसें दगावलीं. उष्णतेनें बहुतेक दोर तुटले वा ढिले पडले. मनोरा कोसळतो कीं काय, अशी भीति सर्वत्र पसरली. पण तो उभा राहिला. दोर निकामी झाले, तरी तळाचा भार व काँक्रीटमधील सळया आपल्या जागीं होत्या. पुढें नवे दोर घालण्यांत आले.

दोर बदलतां आले, कारण ते पोकळींत मोकळे होते. पाया व सळया यांची गोष्ट तशी नाहीं. आराखड्यांत सळयांची जाडी, संख्या व त्यांमधील अंतर नेमून दिलेलें असतें. त्यांवरील काँक्रीटच्या कवचाची जाडीहि ठरलेली असते. कवच कमी पडलें तर ओल शिरते, सळई गंजते व फुगलेला गंज काँक्रीटच फोडतो. काटकसर म्हणून चार सळया गाळल्या, तर नुसती जास्त खोली खणून ती उणीव भरून निघत नाहीं. म्हणून मोजमाप ताडून पाहावयाचें तें काँक्रीट ओतण्यापूर्वीं; नंतर तें पाहतो तो वाराच.