गणितातून दिसलेला ग्रह

नेपच्यूनपलीकडचा ग्रह म्हटले की १९३० साल आणि क्लाईड टॉमबॉ आठवतो. पण १९११मध्येच फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत व्यंकटेश बापूजी केतकरांचा लेख आला होता. केतकर पेशाने शिक्षक. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला सापडलेला मेळ त्यांनी बाह्यग्रहांना लावून पाहिला आणि एका अज्ञात ग्रहाचे अंतर काढले: पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. प्लूटोचे आकडे आहेत ३९.५ पट आणि २४८ वर्षे.

म्हणून केतकरांनी प्लूटो शोधला, असे म्हणता येणार नाही. त्यांनी वर्तवलेला दुसरा, आणखी दूरचा ग्रह सापडलाच नाही. मात्र नेपच्यून आणि प्लूटो यांच्या गतींत ३:२ असा मेळ खरोखरच आहे, हे १९६५मध्ये दिसून आले.

केतकरांचे मोल त्यांच्या रीतीत आहे. २०१६पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाची कच्ची छायाचित्रे नासा सर्वांना खुली करते. गिरक्या घेणाऱ्या यानाने टिपलेल्या त्या पट्ट्या जोडून, रंग जुळवून जगभरचे हौशी अभ्यासक गुरूवरची वादळे साकारतात. इतरांच्या वेधांवर आपली मेहनत करण्याची ही वाट केतकरांच्याही पायाखालची होती.