तिसरा सिलिंडर

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरांपैकी तिसरा बाकीच्यांपेक्षा जास्त तापायचा. या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडायची, तेवढंच त्याचं गारवा देणारं साधन. ऑइल कूलर मात्र त्याच आवरणात, डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा केलेला. म्हणजे तिसऱ्याच्या वाट्याला हवा कमी यायची, आणि येईल तीही तेलाची उष्णता घेऊन. लांबच्या चढावर, उन्हाळ्यात, त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचा. कधी व्हॉल्व्हचं डोकंच तुटून पिस्टनवर पडायचं आणि इंजिन जागच्या जागी संपायचं.

वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याला हे माहीत होतं. काही वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी कॅमची घडण मुद्दाम केलेली होती. कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतःची हवा देणारी रचना आली ती १९७१ च्या मॉडेलवर. तोपर्यंत कित्येक लाख गाड्या रस्त्यावर होत्या आणि त्यांचे मालक त्या एका सिलिंडरवर नजर ठेवायला शिकले होते. बीटल बिघडतच नसे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरं नाही. ती बिघडायची, पण तिचा बिघाड सापडायचा. साध्या माणसाला, दोन पाने आणि एक बल्ब घेऊन, स्वतःच्या दारात सापडायचा. या गाडीच्या इतिहासात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे.

मी १९७३ साली लग्न होऊन कोल्हापूरहून न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेले. नवरा विद्यापीठात संशोधन करत होता आणि आमच्या पैशांत बसणारी गाडी म्हणजे १९६६ ची बीटल. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे फीलर गेज आणि मायक्रोमीटर माझ्या हाताला परके नव्हते. गाडीच्या दुरुस्तीचं काम घरात माझ्याकडे आलं ते असं, आणि पुढे माझ्याकडेच राहिलं. तेव्हापासून या गाडीबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

बिघाड असा दारात सापडण्याची सुरुवात वोल्फ्सबुर्गच्या युद्धानंतरच्या पडक्या कारखान्यात झाली. १९३८ मध्ये हिटलरच्या हस्ते पायाभरणी झालेला हा कारखाना १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आला. तिथे आलेल्या मेजर आयव्हन हर्स्ट यांनी ब्रिटिश सैन्यासाठी २०,००० गाड्यांची मागणी मिळवली आणि बाँबनी फुटलेल्या छपराखाली काम पुन्हा सुरू केलं. १९४८ च्या जानेवारीत सूत्रं हाइनरिष नॉर्डहॉफ यांच्याकडे गेली. नॉर्डहॉफ यांचा आग्रह होता की जिथे दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग नाहीत तिथे गाडी विकायचीच नाही. अमेरिकेत ग्राहक रांगेत उभे असतानाही त्यांनी हा नियम पाळला. दुसरा आग्रह असा की गाडीचं बाहेरचं रूप दरवर्षी बदलायचं नाही, आतले भाग सुधारत राहायचे, आणि शक्य तिथे नवा भाग जुन्या गाडीला बसला पाहिजे. इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी धरलेलं. ते सोडले, तारा, केबल आणि पेट्रोलची नळी काढली, की दोन माणसं जॅकवर इंजिन बाहेर ओढू शकतात. अल्बुकर्कीत शनिवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या दारात असं इंजिन जमिनीवर काढलेलं दिसायचंच.

विजेच्या बाबतीत तर मला या गाडीच्या आकड्यांचं अजून प्रेम आहे. जर्मन मानकानुसार प्रत्येक जोडणीवर एक क्रमांक छापलेला असतो. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, कायम जिवंत तार. १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. ३१ म्हणजे अर्थ. ५० स्टार्टरचा, ६१ चार्जिंगच्या दिव्याचा, आणि कॉइलवरचा १ डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटकडे जाणारा. जर्मनचा एक शब्द न येणारा मेक्सिकोतला, ब्राझीलमधला किंवा केनियातला मेकॅनिक हे आकडे वाचून तार कुठून कुठे गेली ते सांगू शकायचा. आमच्या शेजारी गॅरेज चालवणारे गृहस्थ स्पॅनिश बोलायचे, मी मोडकंतोडकं इंग्रजी. आम्ही दोघं एकमेकांशी बरंचसं या आकड्यांतूनच बोललो.

१९६६ पर्यंतच्या गाड्या सहा व्होल्टच्या होत्या, आणि सहा व्होल्ट म्हणजे काय हे ज्याने सोसलं नाही त्याला समजावून सांगणं कठीण. तेवढ्याच शक्तीसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. गंजलेल्या जोडणीचा रोध तोच असला तरी तिथे दुप्पट व्होल्ट गळतात, आणि तेही निम्म्या व्होल्टेजमधून. म्हणजे नुकसान चौपट. त्यामुळे सेल्फ फिरत नाही म्हणून बॅटरी बदलणारा माणूस बहुधा पैसे वाया घालवायचा. आधी पाहायची ती गिअरबॉक्सच्या नाकापासून चॅसीला जाणारी विणलेली अर्थची पट्टी. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे त्यांचा अर्थ या एका पट्टीवर अवलंबून असतो. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो: क्लचच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. आमच्या गाडीची पट्टी धुळीने आणि वयाने हिरवी पडली होती. सेल्फ मारला की क्लचची केबल हाताला गरम लागायची, त्यावरून ती सापडली.

पट्टी चांगली असेल तर स्टार्टरचं बूश. स्टार्टरच्या दांड्याचं टोक गिअरबॉक्सच्या कवचात बसवलेल्या एका छोट्या बूशमध्ये फिरतं. ते झिजलं की दांडा वाकडा चालतो आणि आर्मेचर अडकतं. नवा स्टार्टर आणून जुन्याच बूशमध्ये बसवणारे आणि पुन्हा तीच तक्रार घेऊन येणारे लोक त्या गॅरेजमध्ये मी पाहिले. मग येतात फ्यूज. चिनी मातीच्या दांडीवर धातूची उघडी पट्टी आणि दोन्हीकडे टोकदार टोकं, असे ते असायचे. पट्टी अखंड असते, तरी हेडलाइट मंद. कारण टोकांवर गंजाचा पापुद्रा. बोटाने फ्यूज जागच्या जागी फिरवला की दिवा उजळतो. आणि मागच्या सीटखालची बॅटरी! तिच्यावरचं झाकण हरवलं असेल आणि सीटवर कुणी जड माणूस बसला, तर सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकून गादी पेटायची. झाकण आहे का, हे जुनी बीटल घेणाऱ्याने अजूनही सगळ्यांत आधी पाहावं.

डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मात्र उत्तम शिक्षक होता. त्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्याला डायनॅमो. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की त्यातून करंट वाहत नाही आणि तो विझतो. चालत्या गाडीत तो पेटला तर डायनॅमो बंद पडलाय किंवा बेल्ट तुटलाय. थंड हवा देणारा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर असल्यामुळे बेल्ट तुटणं म्हणजे इंजिन भाजून निघणं. म्हणून दिवा पेटला की जिथे असाल तिथे थांबायचं, उतरून बेल्ट पाहायचा. विजेच्या दिव्याने उष्णतेची खबर देणारी ही योजना मला आजही हुशारीची वाटते.

आमच्या त्या भागात या सगळ्या ज्ञानाला एक ग्रंथकार लाभला. जॉन म्यूर हे इंजिनिअर सांता फेला राहायचे. १९६९ मध्ये त्यांनी फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी हे सांगणारं पुस्तक स्वतः छापलं. पीटर अशवांडन यांची चित्रं, आणि तेलकट हातांनी जमिनीवर उघडं ठेवता यावं म्हणून तारेची बांधणी. हत्यारं त्यांनी तीन टप्प्यांत सांगितली होती, म्हणजे गरीब विद्यार्थ्याने पहिल्या टप्प्यावरच कामाला लागावं. बिघाड ओळखण्याची सुरुवात त्यांनी कान आणि नाकापासून केली. दुरुस्तीच्या पुस्तकांत मी यापेक्षा माणुसकीचं पुस्तक वाचलेलं नाही. कारखान्याची पुस्तकं मेकॅनिकसाठी असायची; हे अशा माणसासाठी होतं ज्याने कधी पाना धरलेला नाही आणि ज्याला उद्या सकाळी कामावर पोचायचं आहे. १९७७ मध्ये म्यूर गेले, पण पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

अल्बुकर्कीहून सांता फेला जाताना ला बाहादाचा मोठा चढ लागतो. तिसऱ्या सिलिंडरची परीक्षा तिथेच व्हायची. मी दर तीन हजार मैलांनी टॅपेट लावायची, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करायची. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं, गाडीखाली आडवं होऊन झाकणाची तार स्क्रूड्रायव्हरने खाली ढकलायची. पुलीवरची खाच क्रँककेसच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यासमोर आणून पहिला सिलिंडर, मग अर्धा अर्धा फेरा उलटा फिरवत दुसरा, तिसरा, चौथा. फट मिलिमीटरच्या एक दशांश. फीलर गेजचं पान किंचित ओढ देत सरकलं पाहिजे. मी प्रत्येक वेळची फट वहीत लिहायची, कारण तिसऱ्याच्या एक्झॉस्टची फट दर वेळी कमी भरू लागली, तर व्हॉल्व्ह लांबतोय, आणि तुटण्याआधी हेड उतरवायला हवं. वैद्याने नाडी पाहावी तसं हे काम होतं.

ठिणगीचं टायमिंगही बल्बनेच लावायची. दिव्याचं एक टोक कॉइलच्या १ ला, दुसरं इंजिनाच्या अंगाला, किल्ली चालू. पुली हळूहळू फिरवायची. पॉइंट उघडला त्या क्षणी दिवा लागतो, आणि त्याच क्षणी खाच सांध्यासमोर हवी. नसेल तर डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा.

हे चालू असतानाच काळ बदलला होता. अमेरिकेत धुरावर निर्बंध आले तेव्हा १९६८ च्या मॉडेलपासून फोक्सवॅगनच्या १६०० जातीच्या गाड्यांवर बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. गाडी छान चालायची, पण बिघडली की टेस्ट लॅम्पला फारसं काही कळायचं नाही. बहुतेक वेळा दोष कुजलेल्या तारेत किंवा सैल अर्थमध्येच असायचा, तरी लोकांनी घाबरून ती यंत्रणा काढली आणि कार्बोरेटर बसवले. मला ही मोठी हानी वाटते. नंतर १९७१ मध्ये कंपनीने बीटलच्याही इंजिनच्या कप्प्यात अनेक पिनांचं एक सॉकेट बसवायला सुरुवात केली. वर्कशॉपमधल्या संगणकाची केबल त्यात लावायची आणि गाडीची तपासणी कागदावर छापून घ्यायची. बिघाड शोधण्याची जागा माणसाच्या दारातून वर्कशॉपच्या यंत्राकडे सरकू लागली ती इथून, तीही घरच्या घरी दुरुस्त होणाऱ्या या गाडीपासूनच.

१७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. जर्मनीत बंद छपराच्या बीटलचं उत्पादन १९७८ मध्ये थांबलं. मेक्सिकोत ते चालू राहिलं, आणि तिथे पुढे तिला इंजेक्शन आणि हायड्रॉलिक टॅपेट मिळाले. म्हणजे ३० जुलै २००३ ला प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या शेवटच्या, २,१५,२९,४६४ व्या बीटलला फीलर गेज लावण्याची गरजच नव्हती. तिसऱ्या सिलिंडरची वही ठेवण्याचं कारण उरलं नाही. ही प्रगती आहे आणि मी ती नाकारत नाही.

पण आता मी पुण्यात राहते आणि चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या वर्षांच्या पोलो म्हाताऱ्या होताना पाहते. धोक्याचा दिवा लागला की मालक स्कॅनरवर आलेला कोड वाचतो आणि त्या कोडात ज्याचं नाव असेल तो भाग विकत घेतो. कोड फक्त तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तिच्या वायरिंगचा नकाशा मिळवा. ३०, १५ आणि ३१ हे आकडे त्यावर अजून आहेत. आणि कुठलाही महाग भाग बदलण्याआधी ३१ च्या जोडण्या सोडून, घासून, पुन्हा घट्ट आवळून पाहा.