‘वैसा’ म्हणजे कसा?

इंदूरहून धारकडे निघालं की वाटेत बेटमा लागतं. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात मी मोठ्या मुलामुलींचा वर्ग घेत होते. शेवटच्या दिवशी नाव न लिहिता चिठ्ठीतून प्रश्न विचारायचे, असं ठरलं. एका चिठ्ठीवर हिंदीत एवढंच होतं: ‘सब कहते हैं, वो वैसा है. वैसा मतलब कैसा?’

सोबतचे शिक्षक हळूच म्हणाले, “ताई, ही राहू द्या. आपलं शिबिर धर्माचं आहे.” पण मला तर हा प्रश्न धर्माच्याच वर्गातला वाटला.

पाठशाळेत आपण नऊ नोकषाय घोकतो. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा, आणि पुढे तीन वेद: स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. हा वेद म्हणजे पोथी नव्हे, कामभाव. शरीराची घडण तो द्रव्यवेद आणि मनातली ओढ तो भाववेद. दहाव्या शतकातल्या नेमिचंद्राचार्यांच्या ‘गोम्मटसारा’त म्हटलंय की ही दोन बहुधा जुळतात, क्वचित जुळत नाहीत. म्हणजे शरीर एक आणि ओढ वेगळी असू शकते, हे आमच्या आचार्यांना हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. पुरुषवेद गवताच्या आगीसारखा, स्त्रीवेद गोवरीच्या, नपुंसकवेद वीटभट्टीच्या, अशा उपमा दिल्या. आग कमीजास्त, पण आग तिघांतही. नवव्या गुणस्थानात तिन्ही विझतात.

म्हणून सगळं उदार होतं असं मात्र नाही. नपुंसकाला दीक्षा नाकारली गेली. दिगंबर मताप्रमाणे माझ्यासारखीला स्त्रीदेहातून मोक्ष नाही. नवव्या शतकात शाकटायनांनी स्त्रीमुक्तीच्या बाजूने आख्खं प्रकरण लिहिलं, तरी वाद मिटला नाही. समजून घेणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं, हे मला तिथेच कळलं.

दार बंद कसं होतं, तेही बघा. मराठी राज्यात हिजड्यांना भिक्षेचे हक्क होते, कुणाला थोडी जमीन इनाम होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई इलाख्यातल्या कंपनी सरकारने हे वारसाहक्क पुढे चालवायचं नाकारलं. 1860च्या दंडसंहितेत कलम 377 आलं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात त्यांची नावं नोंदवहीत चढवली. त्यात नाव असलेल्याने बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसलं की तुरुंग. काल सनद होती, आज गुन्हा झाला. माणसं तीच, फक्त शिक्का बदलला.

महाराष्ट्रात हे मोकळेपणाने बोलायला रघुनाथ धोंडो कर्वे पुढे आले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. 1927मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचक हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी ओढीबद्दल पत्रं लिहीत आणि कर्वे नीट उत्तरं देत. त्या उत्तरांवरून 1934मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांनी 1953मध्ये मरेपर्यंत चालवलं.

पुढे 1990मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 6 सप्टेंबर 2018ला प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरतं 377ही गेलं.

कायदा बदलला. जीभ बदलायची राहिली. माझ्या मावसभावाला आम्ही लहानपणी ‘बायल्या’ म्हणायचो. मीही हसायचे. तो मुंबईला गेला, नंतर घरातल्या एकाही लग्नाला आला नाही. आपण अहिंसेची शपथ घेतो, पाणी गाळून पितो, आणि तोंडातून निघालेला शब्द मात्र गाळत नाही. वचनाची हिंसा हीसुद्धा हिंसाच ना?

मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. म्हटलं, “वैसा म्हणजे काही नाही. बोलणाऱ्याला नाव माहीत नसतं किंवा घ्यायची लाज वाटते, तेव्हा तो ‘वैसा’ म्हणतो. मुलाला मुलगा आवडू शकतो, मुलीला मुलगी. कुणाला आपलं शरीर आपलं वाटत नाही. हा रोग नाही, गुन्हा नाही. आणि कुणाबद्दल असं कळलं, तरी त्याच्या परवानगीशिवाय चारचौघांत सांगायचं नाही.”

वर्ग गप्प होता. मग एका मुलीने विचारलं, “मौसीजी, और उसको बुलाएँ क्या कहके?”

“उसके नाम से, बेटा,” मी म्हटलं.

मावसभावाचा फोन नंबर माझ्याकडे होता. त्या संध्याकाळी इंदूरला परतल्यावर मी तो लावला.