इंजिन दबलं तेव्हा
12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली : पनवेल-खारघरपासून मुंबईपर्यंतचा घटनाक्रम

शनिवार, 10 ऑक्टोबर : दोन दिवस आधी

मुंबईच्या विजेचं गणित पनवेल तालुक्यातून जातं, हे पनवेलकरांच्याही सहसा ध्यानात नसतं. शहराला बाहेरून वीज पोचवणाऱ्या 400 केव्हीच्या वाटा तेव्हा चार होत्या. पडघ्याहून कळव्याला येणारी जोडी, पुण्याकडून घाट उतरून कळव्याला येणारी तिसरी आणि पुण्याहून खारघरच्या उपकेंद्रात उतरणारी चौथी. शनिवारी यातली घाटातून कळव्याला येणारी वाहिनी बिघाडामुळे बंद पडली.

कोणाच्या घरी दिवाही लुकलुकला नाही. यंत्रणा आखतानाच एक वाहिनी गेली तरी बाकीच्यांनी भार उचलावा, अशी तजवीज केलेली असते. ती तजवीज शनिवारीच वापरून झाली. पुढचा प्रत्येक बिघाड आता राखीव नसताना होणार होता. माझ्या मते खरा घटनाक्रम इथून सुरू होतो. वर्तमानपत्रांनी तो सोमवारी सकाळी दहापासून मोजला.

सोमवार, पहाटे साडेचारच्या सुमारास : साडेपाच तास आधी

पडघे-कळवा जोडीतली एक वाहिनी सेवेतून गेली. उरल्या दोन : एक कळव्यात, एक खारघरला. शहर झोपलेलं, मागणी कमी, त्यामुळे पुन्हा कोणाला काही जाणवलं नाही.

सकाळी सात ते साडेनऊ : मागणी चढते

ऑक्टोबर हीट, त्यात करोनामुळे निम्मी कचेरी घरातून चाललेली. पंखे, एसी, लॅपटॉप, पाण्याचे पंप. मागणी दर मिनिटाला थोडी थोडी वर सरकत होती आणि ती उचलायला वाहिन्या दोनच.

अशा वेळी जाळ्यात काय घडतं, ते समजून घ्यायला ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात जायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (यंत्रं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) जनरेटर चालताना ज्याने पाहिला आहे त्याला ते ठाऊक असतं. लाइट गेली की पोल्ट्रीवाला, मांडववाला किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेला शेतकरी ट्रॅक्टर मागे घेतो, सहा खाचांचा शाफ्ट जनरेटरच्या गिअरबॉक्सला जोडतो आणि हॅण्ड रेस ओढतो. पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो, गिअरबॉक्स ते 1500 वर नेतो. चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला 1500 फेरे मिळाले की वीज 50 हर्ट्झ वारंवारितेची निघते. तिथवर सगळं सुरळीत. मग कोणीतरी पाच हॉर्सपॉवरची मोटर लावतो आणि इंजिन दबतं. आवाज जाड होतो, धूर काळा येतो, बल्ब मंदावतात. 50 चे 47 झाले हे मीटर न बघताही कळतं.

जाणता माणूस तेवढ्यात दोनपैकी एक गोष्ट करतो : रेस वाढवतो किंवा मोटर बंद करतो. दोन्ही नाही केलं तर तिसरी गोष्ट इंजिन स्वतःच करतं. ते बंद पडतं.

   

9:58 : सात मिनिटं आधी

पडघे-कळवा जोडीतली दुसरी वाहिनीही तांत्रिक बिघाडामुळे गेली. आधी एका सर्किटचा भार दुसऱ्यावर घेतला होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं. कळव्याकडून येणारी मोठी वाट बंद. चारांचा बोजा एकट्या पुणे-खारघर वाहिनीवर.

मुंबईला स्वतःची वीजकेंद्रं नाहीत असं नाही. ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक केंद्र आहे, डहाणूला 500 मेगावॉटचं, आणि रायगड जिल्ह्यात खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची जलविद्युत केंद्रं, तिन्ही मिळून 447 मेगावॉटची. खोपोलीचं तर 1915 पासून मुंबईला वीज देतं. जलविद्युतची खुबी अशी की झडप उघडली की काही मिनिटांत वीज हाती येते. औष्णिक संच असा हाकेसरशी धावत नाही, बॉयलरला त्याचा वेळ लागतो. सात मिनिटांत झाला असता तर पाण्याचाच उपयोग झाला असता, किंवा ठरवून काही भाग अंधारात टाकण्याचा. अर्ध्या उपनगराची लाइट आपल्या हाताने घालवायची, तीही सोमवारी सकाळी दहाला, हे धाडस खुर्चीत बसलेल्याला सोपं नसतं. पण ट्रॅक्टरवाला मोटर बंद करतो तेव्हा तो हेच करत असतो.

10:05

खारघरच्या वाहिनीनेही हात टेकले. कळवा आणि खारघर ही दोन्ही उपकेंद्रं एकदम ट्रिप झाल्याने वारंवारिता जबरदस्त घसरली, असं टाटा पॉवरने नंतर कळवलं.

अशाच दिवसासाठी मुंबईकडे एक खास व्यवस्था होती. बाहेरचं जाळं कोसळलं तर शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि स्वतःच्या केंद्रांवर तगायचं. तिला आयलँडिंग म्हणतात. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातलं जाळं कोसळून सुमारे साठ कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा मुंबईत या व्यवस्थेचं कौतुक झालं होतं. त्या दिवशी पश्चिमेचं जाळं तगलं होतं, तिची कसोटी लागलीच नव्हती, हे त्या कौतुकात बाजूला राहिलं.

बेट तगायचं तर तोडण्याच्या क्षणी आतली वीज आणि आतली मागणी जवळपास जुळावी लागते. 12 ऑक्टोबरला आत वीज फार कमी होती, मागणी फार जास्त. मधला फरक भरायला आपोआप भार तोडणारे रिले असतात, ते पुरले नाहीत. वारंवारिता खाली गेली की टर्बाइनची पाती वाचवण्यासाठी संच स्वतःच बाहेर पडतात, आणि एक बाहेर पडला की उरलेल्यांवर आणखी भार येतो. इंजिन आधी दबलं, मग बंद पडलं. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, सगळीकडे एकाच वेळी लाइट गेली.

सव्वादहा ते साडेबारा

तिन्ही मार्गांवरच्या लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. करोनाचे दिवस असल्याने त्यांत मुख्यतः अत्यावश्यक सेवेतले कर्मचारीच होते, म्हणजे ज्यांनी वेळेवर पोचायलाच हवं होतं असे. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. खारघर-कामोठ्याच्या इमारतींत लिफ्ट बंद, टाकीत पाणी चढेना. पनवेलची हार्बर लाइन अकराच्या सुमारास हलली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन साडेबाराच्या सुमारास.

आणि जिथे जिथे जनरेटर होते तिथे ते सुरू झाले. बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच नसलेला जनरेटर, मग तो सोसायटीचा असो की ट्रॅक्टरवरचा, घराच्या वायरिंगला थेट जोडला तर वीज उलटी खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मर तिच्यावरही काम करतो, फक्त उलट्या दिशेने : 400 व्होल्टचे 11 हजार करतो. बंद लाइनवर चढलेल्या वायरमनला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून तो आधी लाइन अर्थ करतो, पण शहाण्याने तो ती करेलच असं धरून चालू नये.

दुपार ते संध्याकाळ

टाटांचे तीन जलविद्युत संच आणि ट्रॉम्बे पुन्हा उभे करायला घेतले गेले. दुपारपासून टप्प्याटप्प्याने वीज येत गेली. मुंबईचे तेव्हाचे महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल एवढं डिझेल ठेवायला सांगितलं. आदेश योग्यच होता. पण डिझेल हा अर्धाच प्रश्न आहे. एरवी महिन्यातून चार-दोनदा थोडा वेळ चालणारं यंत्र दिवसभर सलग तापवल्यावर काय होतं, हा दुसरा अर्धा. त्याच संध्याकाळी मुलुंडच्या अपेक्स रुग्णालयात जनरेटरला आग लागली. करोनाच्या सुमारे चाळीस रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं आणि त्या धावपळीत एका वयोवृद्ध रुग्णाचा मृत्यू झाला.

नंतर

मार्च 2021 मध्ये यामागे चिनी सायबर हल्ला असल्याची चर्चा उसळली. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाचा अहवाल मांडला, तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक म्हणून तो विषय झटकला. चर्चा रंगली, कारण हॅकर हा वाहिनीपेक्षा जास्त वाचनीय असतो. शनिवारपासून एकेक गळत गेलेल्या चार वाहिन्यांवर तेवढी शाई कोणी खर्च केली नाही.

कामाची गोष्ट ऑक्टोबर 2023 मध्ये झाली : खारघर ते विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि मुंबईला आणखी सुमारे 1000 मेगावॉट आणायची वाट मिळाली. ती योजना 2020 च्या त्या सोमवारी कागदावर होतीच, आणि त्याआधीही कित्येक वर्षं होती.