आजीचे तोडे आणि लाल फेल्ट

असोद्याची माझी आजी चांदीचे तोडे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. आम्ही शहाणे! ती गेल्यावर काचेची पेटी करून घेतली, आत लाल लोकरी फेल्ट, झाकणाला रबराची पट्टी. दोन पावसाळ्यांत तोडे काळे पडले.

लोकरीत मुळातच गंधक असतं आणि रबर पक्कं करायलाही गंधकच घालतात. त्याची संयुगं बंद पेटीत साचतात, चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो. म्हणजे पेटीनेच घात केला.

संग्रहालयांना ही अडचण जुनी. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी 1973 मध्ये त्यावर चाचणी मांडली. अस्तराचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या घासलेल्या पट्ट्या बंद नळीत घालायच्या, 60 अंशांवर 28 दिवस ठेवायच्या. पट्टी डागळली की ते अस्तर बाद. जगभर आजही हीच चाचणी चालते.

असोदा बहिणाबाई चौधरींचं माहेर, त्यामुळे गावात जुन्या वस्तूंचं अप्रूप. दगडी जातं कशावरही ठेवा, धातूचं तसं नाही. रेक्झिन नको, त्यातलं पीव्हीसी आम्ल सोडतं. गादीच्या फोमचा काही वर्षांत चिकट भुगा होतो. पांढरा पॉलिथिलीन फोम चालतो, पण मऊ पॅकिंग दिसलं की तेच समजू नका.

आता तोडे त्या फोमच्या खाचेत बसवलेत. वर खळ काढलेलं, बिनरंगी सुती कापड. आजीच्याच धोतराचं.